मेलेल्या जंतूंची साक्ष

दारूच्या क्वार्टरच्या बाटलीत पाण्याचा नमुना घेऊन आलेला माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिलाय, आणि एक नाही, पुष्कळ. परभणीतल्या एका प्रयोगशाळेत मी नोकरीची सगळी वर्षं काढली. पाण्यात आणि सांडपाण्यात जंतू कोणते आहेत, ते शोधायचं काम. चारठाण्याकडचा एक शेतकरी गावातल्या जुन्या बारवेचं पाणी घेऊन आला होता. झाकण उघडलं तर वासानं मीच डुलायची वेळ आली. म्हटलं, "अहो दादा, ह्यात जंतू जगेल का?" तर म्हणे, "तीनदा इसळली मॅडम. अन् मेले जंतू तर बरंच हाय की!" त्याला बसवलं, चहा पाजला आणि समजावलं की नमुन्याची निर्जंतुक बाटली आम्ही देतो, फुकट देतो, ती न्यायची. त्यानं मन लावून ऐकून घेतलं. पुढच्या महिन्यात त्याचा भाऊ आला, तशीच क्वार्टर घेऊन.

एक गृहस्थ मुलीचं लग्न जमवताना नवऱ्या मुलाच्या गावचं पाणी घेऊन आले होते. पोराचं शिक्षण बघितलं, वावर बघितलं, आता पाणी तेवढं राहिलंय म्हणाले. पाणी वाईट निघालं. बिचारे कितीतरी वेळ खुर्चीत बसून राहिले. मग हळूच म्हणाले, "मॅडम, पोरगा लय चांगलाय हो. पाणी सुधारता येत न्हाई का?" काय काय करायचं ते मी कागदावर लिहून दिलं. लग्नाची पत्रिका आली, मी गेले. रुखवतात करंज्यांच्या शेजारी पाण्याचा फिल्टर मांडलेला! असलं कौतुक मला कुठल्या पुरस्कारानं मिळालं नसतं.

आता हे काम नेमकं कसं चालतं ते थोडक्यात सांगते, कारण पुढची हकिगत त्यावरच उभी आहे. जुनी पद्धत अशी, की काचेच्या ताटलीत जंतूंना आवडणारं खाणं घालायचं, त्यावर नमुन्याचं पाणी ओतायचं आणि ताटली उबेला ठेवायची. दुसऱ्या दिवशी जिथं जंतू होता तिथं ठिपका उगवतो. ठिपके मोजले की झालं. अडचण एकच. काही जंतू जिवंत असून रुसतात. उपासमार झाली, गारठले, की ताटलीत वाढतच नाहीत, आणि माणसाच्या पोटात गेले की मात्र पुन्हा तरतरीत होतात.

नव्या पद्धतीत वाढवायची भानगडच नाही. पाणी अगदी बारीक छिद्रांच्या गाळणीतून गाळायचं, गाळणीवर अडकलेल्या जंतूंची कवचं फोडायची आणि आतला डीएनए काढायचा. प्रत्येक जातीच्या जंतूचा डीएनए वेगळा असतो, तीच त्याची ओळख. मशीन त्यातल्या हव्या तेवढ्या तुकड्याच्या नकला काढतं, एकाच्या दोन, दोनाच्या चार, करत करत दीड तासात कोट्यवधी. नकला वाढल्या की नळीतला रंग चमकतो. चमकला म्हणजे तो जंतू त्या पाण्यात आहे. घाण माणसाच्या पोटातून आलीय की जनावराच्या, तेही असं शोधता येतं. हे मशीन आमच्याकडं आलं तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती, तरी नवी सायकल मिळालेल्या पोरीसारखी मी त्याच्याभोवती फिरत होते.

पहिल्याच दसऱ्याला आमच्या प्रयोगशाळेतल्या रशीदभाईंनी इतर मशीनांबरोबर त्याचीही पूजेची तयारी केली. रशीदभाई आमचे परिचर, पण खरं म्हणजे प्रयोगशाळेचे मालकच. झेंडू, नारळ, सगळं त्यांनी आणलं. हळदकुंकू मी वाहिलं, चांगलं चिमूटभर, झाकणावर. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या नळ्या चमकायला लागल्या. नुसतं शुद्ध पाणी घातलेली नळीसुद्धा! तीन दिवस डोकं धरून बसल्यावर कळलं, बाजारच्या कुंकवातला रंग आत सांडला होता आणि मशीनला तोच चमकताना दिसत होता. तेव्हापासून दसऱ्याला मशीनला लांबूनच नमस्कार.

एवढं होऊनही मी शहाणी झाले नाही. ते ऐका आता.

सेलू तालुक्यात वालूरच्या अलीकडं एक गाव आहे. नाव लिहीत नाही, गावाला उगाच बट्टा कशाला. पावसाळा सरता सरता तिथं हगवणीचे रुग्ण वाढले आणि विहिरीच्या पाण्याचा नमुना आमच्याकडं आला. ह्याच विहिरीचं पाणी नळानं गावभर जायचं. मी दोन्ही पद्धतींनी तपासलं. ताटली कोरी, एक ठिपका नाही. मशीनवर मात्र विष्ठेतल्या जंतूंची नळी दिवाळीसारखी लखलखली. मी खूश! म्हटलं, बघा, जंतू रुसलेत, जुन्या पद्धतीला सापडले नाहीत, माझ्या मशीननं पकडले. अहवालात एकच ओळ ठोकून लिहिली: पाणी दूषित, पिण्यास अयोग्य. सही केली, शिक्का मारला आणि त्या दिवशी घरी जाताना मिठाई घेऊन गेले. आता सांगायलाही लाज वाटते.

आठ-दहा दिवसांनी दाराशी एक माणूस येऊन उभा राहिला. साठीच्या आसपासचा, धुतलेला पांढरा शर्ट, हातात प्लास्टिकची छोटी पेटी. चपला बाहेर काढून आत आला.

"मॅडम, वालूरकडच्या हिरीचा रिपोर्ट तुमीच दिला न्हवं?"

"हो. तुम्ही कोण?"

"मी उत्तम. तिथला पावडरवाला."

म्हणजे त्या गावचा जलसुरक्षक. रोज विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकायची आणि नळाला पाणी सोडायचं, हे त्याचं काम. माझ्या कपाळाला आठ्या पडल्या. अहवाल बदलून द्या म्हणणारी माणसं मला नवी नव्हती, आणि मी आधीच फटकळ. म्हटलं, "अहवाल बदलून मिळत नाही इथं."

"बदला म्हनायला न्हाई आलो. इचारायला आलोय."

त्यांनी पेटी उघडली. आत काचेच्या नळ्या आणि औषधाची बाटली. पाण्यात औषधाचे थेंब टाकले आणि पाणी पिवळं झालं, की पावडर पुरेशी आहे असं समजायचं. सगळ्याच जलसुरक्षकांना ती पेटी मिळते. बहुतेकांची पंचायतीच्या कपाटात नवीकोरी पडून असते. ह्यांच्या पेटीची बिजागरी तारेनं बांधलेली होती, इतकी वापरलेली.

"बादलीत पावडर भिजवतो. घोटतो. गाळ खाली बसू देतो अन् वरचं निवळ तेवढं हिरीत वततो. अर्ध्या घंट्यानं थेंब टाकून बघतो. चार सालापसून एक दिस खाडा न्हाई. तुमचा मानूस नमुना न्यायला आला त्या दिशी बी पिवळं आलं हुतं. मंग जंतू जगला कसा?"

"काका, मशीन खोटं बोलत नाही," मी म्हटलं. ही मी, कुंकवानं फसलेली!

"मशीन खोटं बोलत नसंल. मी बी बोलत न्हाई," ते म्हणाले, आवाज न चढवता. "मला एवढंच सांगा. मी पावडर टाकली, जंतू मेला. मेल्यावर तो जातो कुठं? हिरीतून त्याला काढतंय कोन?"



अहो, हे पुस्तकात होतं. मी स्वतः पोरांना शिकवलं होतं, की जंतू मेला तरी त्याचा डीएनए पाण्यात काही दिवस टिकतो आणि मशीनला तो दिसतो. म्हणजे थेंबानं पाणी पिवळं येत असताना कोरी ताटली आणि चमकणारी नळी ह्याचा साधा अर्थ एवढाच होता: इथं जंतू होते, आणि कुणीतरी ते नीट मारलेत. मी त्या माणसाच्या चांगल्या कामाचा पुरावा हातात धरून त्यालाच चोर ठरवलं होतं.

"आता पावडर तुम्हीच टाकता ना?" मी विचारलं.

"मला काढलं. सरपंचाचा पुतन्या बघायलाय." त्यांनी पेटी बंद केली. "कामाचं एक मरू द्या, मॅडम. आमी बौद्ध वस्तीतले. हिरीला आमच्यातल्याचा हात कामून, कशापायी लागावा, हे काहींच्या पोटात पहिल्यापसून हुतं. पर तोंडानं कुनी म्हनत नव्हतं. आता तुमचा कागद पंचायतीच्या भितीला चिटकवलाय. त्याच्याकडं बोट करून म्हनायलेत, उत्तमच्या हातानं पानी नासलं. माझी सून नळावर गेली तर तिला म्हनले, तू मागून भर."

आठ दिवस द्या, एवढंच म्हटलं. ते उठले, दारापर्यंत जाऊन वळले. "अन् मॅडम, हिरीचं नका बघू. वरच्या आळीतल्या नळाचं बघा. आजारी पडले ते समदे तिकडचेच हायत."

ते गेल्यावर रशीदभाई म्हणाले, "मॅडम, हातां देखे क्या उनके? पावडर से फट गए। झूटा आदमी इत्ता काम नै करता।"

आम्ही दोघांनी त्याच दुपारी काम सुरू केलं. प्रयोगशाळेतले जंतू घेतले, त्यांचे दोन भाग केले. एका भागात उत्तमकाकांनी सांगितलं तसं पावडरचं निवळ घातलं, अर्धा तास थांबलो. दुसरा भाग तसाच ठेवला. मारलेल्यांची ताटली दुसऱ्या दिवशी स्वच्छ कोरी. मशीनवर मात्र दोन्ही नळ्या चमकल्या, जवळजवळ सारख्याच. रशीदभाई पडद्याकडं बघत म्हणाले, "लो, मुर्दे बी चमक रहे।" मला हसू आलं आणि रडूही आलं. ह्याला उपाय आहे. एक खास रंग असतो, तो फक्त मेलेल्या जंतूच्या फुटक्या कवचातून आत शिरतो आणि त्याच्या डीएनएला असा चिकटतो की मशीनला त्याची नक्कल काढता येत नाही. मग चमकतात ते फक्त जिवंत. पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला फोन केला. पोरीनं एक शब्द न विचारता बर्फात बांधून रंग पाठवून दिला. आज आमच्या प्रयोगशाळेत त्या रंगाशिवाय अहवाल निघत नाही.

मग मी गावात गेले, कुणाला न कळवता, नळाला पाणी सुटायच्या सकाळी. कळवून गेलं की काय होतं ते मला ठाऊक होतं. साहेब आले म्हटलं की घराघरातली टिल्लू मोटर पलंगाखाली जाते. टिल्लू म्हणजे नळाच्या तोटीलाच जोडायची छोटी मोटर, नळातून पाणी ओढून घेणारी. नियमात बसत नाही, आणि वरच्या आळीत एकही घर तिच्याशिवाय नव्हतं. एक बाई मोटर चालू करता करता मलाच म्हणाली, "मोटर न्हाई लावली तर चढावर पानी चढतंय व्हय? बोलायलात!" तिचंही खोटं नव्हतं. पण त्या आळीचा नळ गटारातून गेलेला, आणि एका सांध्याला सुतळी गुंडाळलेली. पाणी जोरात असतं तोवर नळातलं पाणी गटारात गळायचं. पाण्याचा जोर संपला तरी मोटरी ओढतच राहायच्या, आणि मग गटारातलं नळात यायचं. वरच्या आळीच्या नळांचे, खालच्या बौद्ध वस्तीतल्या नळांचे आणि विहिरीचे, असे नमुने मी भरून घेतले.

निकाल आला. वरच्या आळीच्या नळात जंतू होते, जिवंत होते आणि माणसाच्या पोटातले होते. उत्तमकाकांचं म्हणणं शब्दन् शब्द खरं. पण मला हादरवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. आता विहिरीतही जिवंत जंतू होते, आणि खालच्या वस्तीच्या नळातही. पुतण्याला आठवण झाली तर झाली. तेव्हाही तो पावडर कोरडीच भिरकावायचा, ती गोळे होऊन तळाला. पाणी दूषित आहे असं मी लिहिलं तेव्हा विहीर चांगली होती. मी लिहिलं म्हणून ती बिघडली. त्या आठवड्यात खालच्या वस्तीतली पाच वर्षांची एक पोर सेलूच्या दवाखान्यात सलाईनवर होती. ती बरी झाली, घरी गेली. त्यात माझं काहीही कर्तृत्व नाही, आणि तिचं कमीजास्त झालं असतं तर हा लेख मी लिहिला नसता.

विहिरीत तातडीनं पावडर टाका, पाणी उकळून प्या, असा निरोप मी लगेच पाठवला. मी स्वतः गावात जाऊन सांगणार होते, पण आमच्या प्रमुखांचं म्हणणं पडलं की सुधारित अहवाल पोस्टानं पाठवावा आणि विषय मिटवावा. "तुम्ही जाऊन चूक कबूल केली तर उद्या प्रत्येक गाव उठून उभं राहील." म्हटलं, "राहू द्या. रजा द्या मला." ते चिडले होते, पण रजेच्या अर्जावर सही केली. त्या सहीबद्दल मी अजून त्यांचे आभार मानते.

ग्रामसभा पंचायतीसमोरच्या पटांगणात भरली. माझा अहवाल भिंतीवर होताच, उन्हानं पिवळा पडलेला. सरपंचांनी माझी ओळख "मोठ्या शास्त्रज्ञ" अशी करून दिली. उत्तमकाका अगदी मागं, कडुनिंबाला टेकून उभे. त्यांची सून त्यांच्या शेजारी.

मी म्हटलं, "मी मोठीबिठी नाही. भिंतीवरचा तो कागद माझा आहे आणि तो चुकीचा आहे. चूक मशीनची नाही, माझी. मशीननं मेलेले जंतू दाखवले, मी जिवंत समजले."

कुणालाच काही कळलं नाही. एक जण म्हणाला, "मेला तर मेला. मेलेला दिसतोच कसा मशीनला?"

मी डीएनए समजवायला सुरुवात करणार, तेवढ्यात पुढं बसलेली एक म्हातारी म्हणाली, "कामून दिसत न्हाई? आमच्या रेशनकार्डावर सासू अजून हाय की. मरून किती साल झाले!"

पटांगण खदखदून हसलं. मी त्या म्हातारीचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. म्हटलं, "बरोबर तेच! मी नुसतं कार्ड वाचलं, घरात जाऊन माणूस आहे का ते बघितलं नाही. विहिरीतले जंतू मेलेले होते, कारण ते कुणीतरी रोज इमानानं मारत होतं." मग वरच्या आळीच्या मोटरींचं, गटारातल्या सांध्याचं, सगळं सांगितलं. हसणं थांबलं. वरच्या आळीतली माणसं जमिनीकडं बघायला लागली. शेवटी हेही सांगितलं, की काकांना काढल्यापासून विहिरीत जिवंत जंतू सापडलेत.

सरपंच तसा माणूस वाईट नाही. मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "चला, झालं गेलं. सांधा दुरुस्त करू, मोटरी बंद करू. अन् उत्तमला घेऊ परत. ग्रामसेवक, लिव्हा. उत्तम यांना पुन्हा कामावर घेन्यात येत आहे."

ग्रामसेवकांनी वही उघडली.

"तसं लिव्हू नका," मागून आवाज आला.

सगळ्यांनी वळून बघितलं. उत्तमकाका कडुनिंबापासून पुढं आले होते.

"परत घेतलं म्हनजे मी काहीतरी केलं हुतं, अन् तुमी पोटात घातलं, असं हुतंय. मी काही केलं न्हवतं. काढलं ते चुकलं, असं लिव्हा."

ग्रामसेवकांनी सरपंचांकडं बघितलं. सरपंचांनी माझ्याकडं. मी म्हटलं, "आधी प्रयोगशाळेचं चुकलं असं लिहा. मी सही करते. त्याच्या खाली पंचायतीचं."

"लिव्हा," सरपंच शेवटी म्हणाले.

लिहून झालं. मी सही केली, सरपंचांनी केली. ग्रामसेवक वही मिटायला लागले, तर काका म्हणाले, "आता वाचून दाखवा. मोठ्यानं."

त्यांनी वाचलं. सून पदर तोंडाशी धरून ऐकत होती. मला नोकरीत प्रमाणपत्रं मिळाली, शाली मिळाल्या, त्या कुठं आहेत ते मला सांगता यायचं नाही. ते दोन ओळींचं वाचन मात्र मला आजही तोंडपाठ आहे, आणि ते माझ्या चुकीचं आहे. त्या माणसानं मला माझी चूक दाखवली, ती सुधारायला वेळ दिला, आणि एकदाही माझ्यावर आवाज चढवला नाही. ह्याची फेड करायची कशी, ते मला माहीत नाही.

वाचून झाल्यावर काकांनी मान हलवली. भिंतीजवळ जाऊन तो पिवळा कागद नखानं खरवडून काढला, घडी करून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "चला. हिरीत आजची पावडर टाकायची राह्यलीय."

पंचायतीच्या खोलीतून त्यांनी पावडरीची पिशवी घेतली. बादली मी उचलली. त्यांनी नको म्हटलं नाही.